चौगुले डॉक्टरांची निळी शाई

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत सूत्रसंचालन माझ्याकडे असतं. कारण मला माइक आवडतो आणि बाकीच्यांना वेळेवर घरी जायचं असतं. त्या वर्षी मी जरा जास्तच रंगात आलो होतो. बिशानचा हॉल भरलेला, पहिल्या रांगेत दोन पाहुणे, आणि मी म्हणून गेलो, की हंस जसा दुधातलं पाणी बाजूला ठेवून दूध तेवढं पितो, तसे आपण इथे सिंगापुरात राहून चांगलं तेवढं घेतो. टाळ्या पडल्या. मी मान लववून त्या स्वीकारल्या.

नंतर मसालेभाताच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ माझ्याजवळ आले. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. म्हणाले, "ते हंसाचं तुम्ही म्हणालात." मला वाटलं, कौतुक आलं. मी "धन्यवाद काका" म्हणून हातातल्या कागदी ताटासकट हात जोडले. थोडी कोशिंबीर त्यांच्या शर्टावर गेली. त्यांनी ती बोटानं झटकली आणि तसेच उभे राहिले.

"तसं नव्हं. तुम्ही बघितलंय व्हय, हंसाला दूध पिताना?"

मी म्हणालो, बघितलं असं नाही, पण ते प्रसिद्धच आहे की.

"म्हणजे ऐकलेलं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. एखादा कारकून फॉर्मवर योग्य त्या चौकटीत खूण करतो, तसं ते म्हणाले. जाता जाता थांबून त्यांनी सांगितलं, "मी ठेवलं होतं एकदा दूध, सांगलीच्या बागेत. हंस नव्हता मिळाला, बदकच होतं. त्यानं दुधात पाय धुतले."

हे चौगुले डॉक्टर. आमच्याच ब्लॉकमध्ये चौथ्या मजल्यावर त्यांची मुलगी सुजाता राहायची, आम्ही नवव्या. जावई मरिन इंजिनियर, वर्षातले सहा-सात महिने बोटीवर. बायको गेल्यावर डॉक्टर लाँग टर्म व्हिजिट पासवर लेकीकडे राहायला आले होते. डॉक्टर म्हणजे माणसांचे नव्हेत. "मी ढोरांचा डॉक्टर," असं ते ओळख होताक्षणी सांगून टाकत, म्हणजे समोरचा आपलं ब्लडप्रेशर सांगायला लागत नसे. जत, शिराळा, कवठे महांकाळ अशा तालुक्यांतल्या जनावरांच्या दवाखान्यांत त्यांची नोकरी झाली होती.

नजर मात्र अजून नोकरीतलीच होती. माणूस लिफ्टमध्ये शिरला की ते आधी त्याची चाल बघत, मग डोळे. मला ते माझ्या ऑफिसातल्या हुद्द्यानंच हाक मारत. एकदा म्हणाले, "मॅनेजर, डावा खूर दुखतोय तुमचा." मी नवे बूट घेतले होते आणि ते लागतात हे बायकोजवळही कबूल केलं नव्हतं, कारण तिनं दुकानातच बजावलं होतं. त्या वेळी बायको, म्हणजे नीलिमा, लिफ्टमध्येच होती. त्या दिवसापासून डॉक्टर तिच्या खास मर्जीतले झाले.

जैन घरातले, त्यामुळे रात्रीचं जेवण दिवस मावळायच्या आत. "इथला सूर्य शिस्तीचा," ते म्हणायचे. "बारा महिने सातच्या सुमारास जातोय. सांगलीत थंडीत लई घाई व्हायची." माझ्याबरोबर हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर यायचे ते इथली कॉफी, म्हणजे कोपी, पिण्यापुरते. त्या घट्ट गोड कोपीला ते औषध म्हणत आणि औषधासारखीच, डोळे मिटून, दोन घोटांत संपवत. समोरच्या टेबलावर साळुंक्या भाताची शितं वेचत असायच्या. माझं बोलणं लांबलं की ते साळुंक्यांकडे बघायला लागत, आणि मी समजून घ्यायचो.

पण ही सगळी वरवरची माहिती. खरे डॉक्टर त्यांच्या खोक्यांत होते.

हंसाचं प्रकरण मला लागलं होतं, म्हणून एका रविवारी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. एक पलंग, एक टेबल आणि भिंतीशी ओळीनं बुटांचे रिकामे खोके. प्रत्येकावर आकडा: दोन, तीन, चार, पाच. पाचाचे खोके सगळ्यांत जास्त. मी विचारलं, मापं आहेत का? ते हसले. म्हणाले, ही इंद्रियं. जुन्या जैन पंडितांनी सगळ्या जिवांची वाटणी इंद्रियांवर केली होती. अळ्या, शंख, शिंपले यांना दोन, मुंगीला तीन, माशी-भुंग्याला चार. मासे, पाखरं, जनावरं आणि माणूस पाचात. झाडाला आणि पाण्याला एकच, पण त्यांचा खोका त्यांनी केला नव्हता, "तो आपला विषय नव्हे." मॅनेजर लोकांना वेगळा खोका आहे का, असं मी गमतीनं विचारलं. "बघू की," म्हणाले. "निरीक्षण चालू आहे."

खोक्यांत कार्डं होती, साडेचार हजारांच्या आसपास. सातशे, आठशे, हजार वर्षांपूर्वी प्राण्यांबद्दल ज्यांनी लिहून ठेवलं, त्या पंडितांची एकेक ओळ एकेका कार्डावर. हत्तींची चाल आणि स्वभाव सांगणारे दरबारी पंडित, घोड्याच्या अंगावरच्या भोवऱ्यांवरून मालकाचं भविष्य सांगणारे, पशुपक्ष्यांवर ग्रंथ लिहिणारे जैन यती, अरबस्तानातले विद्वान, आणि जन्मात सिंह न बघता सिंहाची चित्रं काढणारे युरोपातले मठवासी. संस्कृत आणि प्राकृत डॉक्टर नोकरीत असताना शिकले होते, रात्रपाळीच्या कंपाउंडरला शेजारी बसवून त्याला पाठ म्हणून दाखवत. बाकीच्यांचं ते इंग्रजीतून वाचत.

हे वेड लागलं कसं, ते त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं. शिराळ्याला असताना एका गोठ्यात शेळी अडली होती. बसून बसून वेळ जात नव्हता, म्हणून पिशवीतली जुनी पोथी काढून कंदिलाशी वाचत होते. तिच्यात पंडितानं लिहिलं होतं, की विण्याआधी शेळी पुढच्या पायानं एकाच जागी माती उकरते आणि वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघते. डॉक्टरांनी मान वर केली. समोर शेळी माती उकरत होती, आणि वळून कुशीकडे बघत होती. त्यांच्या अंगावर काटा आला. आणि त्याच पंडितानं खालच्याच ओळीत लिहिलं होतं, की चकोर निखारे खातो.

"एकाच माणसानं," डॉक्टर म्हणाले. "वरची ओळ गोठ्यात बसून लिहिलेली, खालची गादीवर बसून. आणि दोन्हीला शाई सारखीच."

मग त्यांनी ठरवलं, शाई वेगळी करायची. पंडितानं स्वतः बघून लिहिलेलं वाक्य निळ्या शाईनं उतरवायचं आणि ऐकून लिहिलेलं लाल. कुठलं कुठलं हे ठरवायचं ते स्वतः जनावर बघून. त्यासाठी चाळीस वर्षं गेली. गोठे, बाजार, सर्कशीचा तंबू, म्हैसूरचे हत्ती. कार्डावर ओळीखेरीज दुसरं अक्षर नसे. मी म्हणालो, शेजारी नुसतं 'खरं', 'खोटं' लिहिलं असतं तर सोपं नसतं का पडलं? त्यांना ते आवडलं नाही. "पंडिताच्या ओळीवर आपण शेरा मारायचा नसतो. त्यांची ओळ त्यांची. शाई काय ती सांगेल." नोकरीतही त्यांनी वरिष्ठांच्या चुकीच्या टिपणावर कधी शेरा मारला नव्हता. फक्त शेजारी शाई बदलून आपलं टिपण लिहायचे.

ही कार्डं पुण्याच्या एका संशोधन संस्थेकडे पोचवायची, एवढंच त्यांचं आता राहिलं होतं. वय अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्याचं काम जवळजवळ संपलेलं. "पुढं कोणीतरी येईल," ते म्हणायचे. "त्याला कळायला पाहिजे, पंडित कुठं उकिडवा बसला होता आणि कुठं लोडाला टेकला होता. नाहीतर तो सगळ्यालाच खोटं म्हणेल. नाहीतर सगळ्यालाच खरं. दोन्ही सारखंच वाईट."

युरोपातला एक जुना बादशहा त्यांचा विशेष लाडका. त्या काळी तिकडे अशी समजूत होती, की एका जातीचा हंस अंड्यातून होत नाही, समुद्रात कुजणाऱ्या लाकडाला फळासारखा लागतो. अंड्यातला नाही म्हणजे मांसही नाही, म्हणून तो उपासाला चालत असे. आपल्या साबुदाण्यासारखंच. या बादशहानं तसलं लाकूड मागवून घेतलं, स्वतः डोळ्यांखालून घातलं आणि सांगितलं, शिंपल्यासारखं काहीतरी चिकटलेलं आहे, पाखराचा पत्ता नाही. "बादशहा असून गोठ्यात उतरला," डॉक्टर कौतुकानं म्हणत. पण त्यांचं तेवढ्यावर समाधान नव्हतं. बादशहानं बघितलं, आपण कुठं बघितलंय?

त्यांचे जावई बोटीवरून घरी यायचे होते. डॉक्टरांनी फोनवर त्यांना काय सांगितलं कोण जाणे. जावई उतरले ते हातात प्लॅस्टिकचा डबा घेऊन. आत समुद्राचं पाणी आणि दोराचा एक तुकडा, त्याला लांब देठाचे पांढुरके शिंपले लटकलेले. डॉक्टर भिंग घेऊन दोन तास डब्यावर ओणवे होते. मलाही बोलावलं. शिंपला हळूच उघडे, आतून मऊ काळसर पिसांचा झुबका बाहेर येई, पाणी ओढल्यासारखा हले आणि आत जाई.

"पिसंच की वो," डॉक्टर म्हणाले. "फसलेला माणूस उगाच फसलेला नाही."

त्यांनी खोक्यातून ते कार्ड काढलं. ओळ लाल होती. तिच्याखाली त्यांनी निळ्या शाईनं एक बारीक रेघ ओढली. चुकीचं, पण कोणीतरी अर्धं बघितलेलं. अशी रेघ असलेली कार्डं त्यांना सगळ्यांत प्रिय होती, हे मला पुढं कळलं.

मग म्हणाले, आता ह्यांना समुद्रात सोडून यायचं. आजच. जीव आहेत ते. जावई सात महिन्यांनी घरी आलेले, त्यांना कोण उठवणार? त्यामुळे झाकणाची बादली घेऊन मी आणि डॉक्टर एमआरटीनं निघालो, दोनदा गाडी बदलून ईस्ट कोस्टला. बादली अर्थात माझ्याकडे. स्टेशनवरच्या माणसानं अडवून आत काय आहे विचारलं. मी सायंटिफिक, रिसर्च वगैरे शब्दांची जुळवाजुळव करत होतो. डॉक्टरांनी झाकण उघडून दाखवलं आणि सांगलीच्या चालीच्या इंग्रजीत म्हणाले, "ओन्ली टू सेन्सेस, सर. व्हेरी क्वाएट." त्या माणसानं आत बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं आणि हातानं जा म्हणून खूण केली. समुद्राशी डॉक्टर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात गेले आणि दोर एका ओंडक्याला नीट बांधून आले. सूर्याकडे बघितलं, वीसेक मिनिटं होती. खिशातून पोळीची गुंडाळी काढून तिथंच उभ्यानं जेवले.

बिशानच्या पार्कातली पाणमांजरं बघायला सगळं सिंगापूर मोबाइल घेऊन येतं. डॉक्टरही रोज सकाळी जायचे, मोबाइलशिवाय. एका पंडिताची ओळ होती, की पाणमांजर मासा धरल्यावर आधी पिलाला देतं, मग स्वतः खातं. ही ओळ त्यांनी वर्षभर पेन्सिलनं लिहून ठेवली होती, शाई ठरत नव्हती. एक दिवस नदीकाठी मला दाखवलं. मोठ्या पाणमांजरानं मासा आणला आणि पिलापुढं टाकला. मी म्हणालो, झालं, करा निळी. म्हणाले, थांबा की. पुढचा मासा त्यानं स्वतः खाल्ला, पिलू ओरडत असताना. त्याच्या पुढचाही. डॉक्टर खूश झाले. घरी येऊन त्यांनी ओळ निळीच केली. मी चक्रावलो. म्हणाले, "बघितलंय त्यानं. एकच दिवस बघितलंय बिचाऱ्यानं, पण बघितलंय."

दोन वर्षं अशी गेली. मग सुजाताची रॉटरडॅमला बदली झाली. डॉक्टरांनी सांगलीला धाकट्या भावाकडे परत जायचं ठरवलं. प्रश्न खोक्यांचा होता. भावाच्या घरात कृष्णेचं पाणी दोनदा शिरलेलं. कागद तिथं ठेवायची त्यांना धास्ती, आणि पुण्याच्या संस्थेतला ओळखीचा माणूस म्हणत होता, जागा नाही, स्कॅन करून पाठवा. इथं माझा प्रवेश होतो. मी छाती पुढं काढून म्हणालो, काका, एवढंच ना? दोन शनिवारचं काम.

मी सव्वीस वर्षं आयटीत आहे. जुरोंग ईस्टच्या आमच्या ऑफिसात माणसाच्या उंचीचं एक मशीन आहे, त्याच्या तोंडात कार्डांची गड्डी ठेवली की ते भराभरा गिळत जातं. गिळण्याआधी ते पडद्यावर विचारतं, रंगीत की काळं-पांढरं? रंगीतला तिप्पट वेळ लागतो. बारा वाजता माझं बॅडमिंटन होतं. मी दुसरं बटण दाबलं. त्या क्षणी माझ्या मनात त्या कार्डांबद्दल काहीही आलं नाही. ज्या माणसानं माझ्यासमोर शिंपल्याच्या ओळीखाली निळी रेघ ओढली होती, त्याची कार्डं हातात असताना आलं नाही. दोन्ही शनिवार मी बॅडमिंटनला वेळेवर पोचलो.

पेनड्राइव्ह दिला तेव्हा डॉक्टर तो तळहातावर घेऊन बराच वेळ बघत होते. सोमवारी सुजाताचं जड सामान बोटीनं पुढं जायचं होतं, खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मीच म्हणालो, आता कार्डं कशाला जवळ ठेवायची, ओझं नुसतं. त्यांनी एका खोक्याचं झाकण नीट बसवलं. मग विचारलं, "सगळं एकदा बघितलंत ना?"

"बघितलं की," मी म्हणालो.

मी बघितलं होतं ते एवढंच, की फाइलींची संख्या कार्डांइतकी आहे आणि पहिल्या कार्डावरची अक्षरं स्वच्छ आली आहेत. त्यांनी मान हलवली. खोके मीच दोन खेपांत खाली नेले आणि ब्लॉकखालच्या रिसायकलिंगच्या डब्यात रिकामे केले. घाम आला म्हणून नीलिमानं सरबत दिलं.

तीन दिवसांनी त्यांना पाणमांजराचं कार्ड बघावंसं वाटलं. सुजातानं लॅपटॉप उघडला. मीही होतो, मोठं करून बघता येतं हे दाखवायला उत्सुक. डॉक्टर पडद्याशी वाकले. चष्मा पुसला, परत वाकले. म्हणाले, "मॅनेजर, ह्यात रंग कसा आणायचा?" आणि मी खरोखरच पाच मिनिटं त्या फाइलीत रंगाचं बटण शोधत बसलो. मग मला मशीनचा तो प्रश्न आठवला.

मी म्हणालो, "काका, मशीनचा काहीतरी घोळ झालेला दिसतोय."

ते पडद्याकडे बघत होते. साडेचार हजार ओळी, सगळ्या एका शाईच्या. म्हणाले, "यंत्राला काय वो कळतंय." आणि सुजाताला म्हणाले, "ह्यांना चहा दे. चेहरा उतरलाय त्यांचा."

मी चहा न घेता खाली धावलो. डब्यात कमरेपर्यंत शिरलो. आत दोन पिझ्झाचे खोके आणि एक मोडका पंखा होता. झाडलोट करणारे अंकल म्हणाले, गाडी काल सकाळीच येऊन गेली. घरी जाऊन नीलिमाला त्या बटणासकट सगळं सांगितलं, तर ते ऐकून माझी मुलगी इरा एवढंच म्हणाली, "बाबा, यू निव्हर चेक, इज इट?"

निघायला तीन आठवडे होते. मी सगळी कार्डं छापून आणली. डॉक्टर दोन्ही पेनं घेऊन एकेका ओळीवर नव्यानं शाई फिरवायला टेबलाशी बसले. शेळी, शिंपले, पाणमांजर झरझर रंगले. मला वाटलं, होतंय की. मग हत्ती आले आणि हात थांबला. म्हैसूरला कुठल्या वर्षी, कुठला हत्ती, कानशिलातून मद वाहत होता ते स्वतः बघितलं होतं की माहुतानं सांगितलं होतं? ते डोळे मिटून बसत. कधी अर्धा तास. सुजाता ताट झाकून ठेवायची आणि सूर्य निघून जायचा.

दहाव्या दिवशी मी गेलो तर पेनांना टोपणं लावलेली होती. म्हणाले, "डोळ्यांपुढं उभं राहिलं तेवढं केलं. बाकीचं आठवून आठवून लावायला लागलो तर ते माझंच ऐकलेलं झालं की."

मी म्हणालो, काका, निदान अंदाजानं तरी. तुमचा अंदाज काय चुकणार आहे?

तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांची ती एकच कडक नजर मला मिळाली. "अंदाजानं लिहिणारे लई होऊन गेले. त्यांच्यापायीच ही कार्डं केली होती." मग आवाज उतरवून म्हणाले, "असू दे. तीनशे तरी झालीत."

मला सांगायचं होतं, की मशीननं काही केलेलं नाही. मशीननं विचारलं होतं, उत्तर मी दिलं होतं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हाही मी न बघताच बघितलं म्हणालो. हे वाक्य मी लिफ्टमध्ये पाच मजले उतरताना रोज तयार करायचो. चौथ्या मजल्यावर दार उघडलं की मी काहीतरी दुसरंच बोलायचो. काका, पॅकिंगला टेप हवी का? काका, वजनकाटा आणू का?

डॉक्टर सांगलीला गेले आणि पुढच्या उन्हाळ्यात वारले. सुजाताचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसातच होतो, त्या मशीनपासून चार पावलांवर. त्या तीनशे ओळी पुन्हा, या वेळी रंगीत, स्कॅन करून घातलेला पेनड्राइव्ह पुण्याच्या संस्थेकडे आहे. तीनशे ओळींना रंग आहे, बाकीच्या काळ्या. पुढं कधी कोणी उघडेल त्याला शेळीचं वळून बघणं रंगीत दिसेल. हत्तीचं जे काही आहे ते आणि पंडितांच्या कल्पना सारख्याच काळ्या दिसतील. त्याला वाटेल, मांडणाऱ्याला फरक कळत नव्हता.

ते सांगलीला निघाले त्या दिवशी मी रजा काढून चांगी विमानतळावर गेलो होतो. नीलिमाही होती. मी ट्रॉली ढकलली, बॅगांना प्लॅस्टिक गुंडाळून आणलं, विमानात सूर्य कधी मावळणार हे काउंटरवरच्या मुलीला विचारलं, डॉक्टरांसाठी गरम पाणी भरून आणलं, आणि व्हीलचेअरवाल्याला तीनदा समजावलं की यांना डाव्या बाजूनं कमी दिसतं. आत जायची वेळ झाली. डॉक्टरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मानेपासून खाली दोनदा फिरवला, "हां... हां," करत. सुई टोचण्याआधी जनावराला असंच शांत करत असतील. त्यांना ठाऊक होतं की काय, हे मला आजही सांगता येत नाही.

ते खुर्चीत बसलेच नाहीत. व्हीलचेअरवाला रिकामी खुर्ची ढकलत होता आणि डॉक्टर तिच्या पाठीवर हात ठेवून शेजारून चालत होते, बैल पाण्यावर न्यावा तसे, त्याला घाई न करता. काचेपलीकडे वळण होतं. तिथं आधी खुर्ची दिसेनाशी झाली, मग ते.

परतताना तनाह मेराहला गाडी बदलून नीलिमा खिडकीशी बसली. मग तिनं विचारलं, सांगितलंस का? मी म्हणालो, अगं, हातात ट्रॉली होती, मग तो व्हीलचेअरवाला आला, मग गर्दी झाली.

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "ट्रॉली ढकलायला त्यांना दुसरं कोणीही मिळालं असतं."